हाताला माती

पायगोंडानं तिन्ही फोटोकार्डं पत्ते टाकावेत तशी सतरंजीवर टाकली आणि चहाची बशी बाजूला सारली.

"पैलवान, ह्या तिन्ही सह्या तुमच्या?"

लालासाहेबांनी वाकूनही बघितलं नाही. "मग काय तुमच्या बापाच्या?"

आतल्या दाराशी पाच महिन्यांच्या बाळाला थोपटत बसलेल्या अंजनाचा हात थांबला. तिन्ही सह्या तिच्या हातच्या होत्या.

कुंडलच्या ह्या पैलवानाला अक्षरओळख नाही, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मैदानात कुणी कार्ड पुढं केलं की ते म्हणायचे, "हाताला माती हाय गड्या, उद्या घरनं घिऊन जा." विश्रामबागच्या कॉलेजातून बी.ए. होऊन आलेली बायको दुपारी भांडी आवरली की शाईचा पेन घेऊन बसायची. गोल 'ला', सरळ शिरोरेघ, खाली एक फराटा. तीन वर्षं झाली होती.

"एक किर्लोस्करवाडीच्या मैदानात दिलं, दुसऱ्या दिशी घरनं नेलं," पायगोंडा बोटानं दाखवत होता. सांगलीत त्याची हळदीची पेढी होती, पण जीव सगळा पैलवानांच्या कार्डांत. "दुसरं पाकिटात परतीच्या टपालाचं तिकीट घालून मागवलं. तिसरं तुमच्या पोस्टमनच्या हातापाया पडून. मागं तारीख, गाव, कुणाकडनं मिळालं, सगळं पेन्सिलीनं लिवलंय. पण तुमाला सही करताना बघितलेला माणूस अख्ख्या सांगलीत एक न्हाई. आमच्यात पैज लागलीया."

"कसली?"

"बायको करती म्हणत्यात."

"म्हणणाऱ्याची जीभ झडू दे!" चुलीपाशी बसलेल्या बनुबाई, अंजनाच्या सासूबाई, तिथूनच कडाडल्या.

पायगोंडानं खिशातून चौथं, कोरं कार्ड काढलं. "मग करा माज्यासमोर. आज तर हाताला माती न्हाई."

अंजना बाळाला घेऊन उठली. ह्यांचा अंगठा दुखावलाय, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. सवयच तशी. वास्तविक आठ दिवसांत नवरा तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. खंडाळ्याचे दीर हंबीरराव, त्यांना मूलबाळ नाही. ह्या बाळाला त्यांना दत्तक द्यायचं बनुबाईंनी ठरवलं होतं आणि लालासाहेबांनी मान डोलावली होती.

"आईच्या संमतीशिवाय दत्तकपत्र होत नाही," ती म्हणाली होती. "आणि मी सही करणार नाही."

त्या दिवसापासून तिच्या पुढ्यात ताट आदळलं जात होतं. तरीही येत्या सोमवारी दत्तकपत्र नोंदवायला तासगावच्या कचेरीत जायचं मोडलं नव्हतं. काल तर बनुबाईंनी बाळाच्या पायांत चांदीचे वाळे घातले. कशाच्या भरवशावर, हे अंजनाला उमजत नव्हतं.

लालासाहेबांनी उजवा हात धोतराला पुसला. पेन घेतला. गोल 'ला', सरळ शिरोरेघ, खाली फराटा.

पायगोंडानं चारी कार्डं शेजारी शेजारी लावली आणि एकेक फराटा बोटानं ताडून बघितला.

"काय शेट? कोण करतंय सही?" लालासाहेब हसले. हसताना त्यांनी आठ दिवसांत पहिल्यांदा अंजनाकडं बघितलं.

"बघितलंस?" बनुबाई फक्त तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "शिकलेलीच्या हातावाचून आता काय अडत न्हाई ह्या घरात."

नवऱ्याची अब्रू राहिली म्हणून तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. कधी शिकले? कुठं गिरवलं? कोऱ्या कार्डांची चळत मध्यंतरी तिला कमी वाटली होती; पोस्टात गेली असतील म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

ती आतल्या खोलीत गेली. लालासाहेबांची लंगोटाची पेटी कोपऱ्यात होती, त्या पेटीला ते कुणालाही हात लावू देत नसत. तिनं झाकण उचललं. तळाशी एकच कार्ड होतं. पुढून दंड फुगवून उभे असलेले लालासाहेब. मागं त्यांचं नाव, वाकडं, मग कमी वाकडं, मग थेट तिच्या वळणाचं. त्याखाली दुसरं नाव होतं. सौ. अंजना. तीनदा. तिसऱ्या वेळी शेवटच्या कान्याची शेपटीसुद्धा थेट तिच्या सहीसारखी जमली होती.

बाहेर लालासाहेब म्हशीला पाणी दाखवायला मागं गेले होते. पायगोंडा अंगणात उभा राहून पत्र्याच्या डब्यात कार्डं भरत होता. पैज हरलेल्या माणसाचा चेहरा.

"वहिनी, गैरसमज झाला माजा," तो नाइलाजानं म्हणाला.

अंजनानं बाळाला कडेवर सावरलं आणि कार्ड पुढं केलं. "हे तुमच्याकडं नाही."

त्यानं उलटून पाहिलं. वाचताना त्याचे ओठ हलले. वरच्या ओळींवर त्याचे डोळे चमकले, खालच्या ओळींवर येऊन थांबले.

"ह्या खालच्या तुमच्या सह्या?"

"नाही. मी माझी सही कुठंच केलेली नाही."

त्यानं कार्ड पुन्हा उजेडात धरलं. बाळानं पाय झाडला, वाळे वाजले. मागच्या दारी बादली आपटल्याचा आवाज आला.

"अंजना! कुटं गेली गं?" बनुबाईंची हाक आली.

ती हलली नाही. "तुम्ही काही टाकून देत नाही ना?"

"आजवर एकबी न्हाई."

"मग मागं लिहिता तसं लिहा. गाव, कुणाकडनं मिळालं." तिनं बाळाचे वाळे मुठीत धरले. "आणि तारीख आजची घाला. शनिवारची, सोमवारच्या आधीची."

पायगोंडानं कानावरची पेन्सिल काढली.