पांढरे ठिपके

दत्तारामने वाकून गवतात पांढरा ठिपका दिला. सात पावलं मोजून दुसरा.

प्रशिक्षक रेटो ब्रुगर स्वित्झर्लंडमध्ये फुटबॉलचे तीनशे अकरा सामने खेळला, सगळे मध्यफळीत. डोक्याने चेंडू किती वेळा मारला, ते कुठेच लिहिलेलं नाही.

त्याच्या पाकिटातली चिठ्ठी: गाडी निळी. गेट दोन.

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरात मैथिलीने लेकीच्या, शुभ्राच्या, बाटलीत बर्फ भरला. बाटली ओट्यावरच राहिली.

पाच वाजता रेटो मैदानात आला आणि एकेका ठिपक्यावर प्लास्टिकचा शंकू ठेवत गेला. दोन महिन्यांपूर्वी तो हेच शंकू छातीशी धरून, कुठे ठेवायचे ते न आठवून, पाऊण तास उभा होता. दुसऱ्या दिवसापासून दत्ताराम ठिपके देऊ लागला. त्यावर दोघंही कधी बोलले नाहीत. इमारतीच्या साइटवरून दत्तारामला या गवतावर रेटोनेच आणलं होतं. रेटोची नोकरी गेली तर व्हिसा जाणार, आणि मागोमाग दत्तारामचाही.

अकादमीचा मॅनेजर शैलेंद्र कुंपणाशी थांबला.

"दत्ताराम, साहेब ठीक आहेत ना? काल मला दोनदा तेच विचारलं."

"वय झाला ओ. मी पण इसारतंय."

"गावच्या गप्पा-गजाली मात्र बऱ्या लक्षात राहतात तुझ्या!" शैलेंद्र हसत ऑफिसात गेला.

शिट्टी. संघातल्या मुली धावल्या. तीन फेऱ्या, मग पाणी, हा इथला नियम.

"लास्ट वन!" रेटो ओरडला.

फेरी संपली.

"लास्ट वन!"

"कोच, यू सेड लास्ट!" शुभ्रा म्हणाली. बाकीच्या हसल्या. मग हसणं थांबलं. शनिवारचा सामना हरल्या होत्या. ही त्याचीच शिक्षा, असं त्यांना वाटलं.

"कोच, वॉटर?"

"आफ्टर दिस. लास्ट वन."

सप्टेंबरचं ऊन शेजारच्या कारखान्याच्या पत्र्यावरून मैदानात उतरत होतं. दत्ताराम रंगाची बादली धूत होता. ती स्वच्छ झाली, तरी धूत होता.

शुभ्रा आधी गुडघ्यांवर बसली, मग कुशीवर कलंडली. तिच्या अंगाला घाम नव्हता.

ॲम्ब्युलन्स आली, शुभ्राला घेऊन गेली. शैलेंद्रच्या हातात फोन होता, त्यातून मैथिलीचा आवाज येत होता. त्याने फोन छातीवर दाबला.

"दत्ताराम, तू इथेच होतास ना? किती फेऱ्या झाल्या?"

"माझा लक्ष नव्हता, सायबांनू."

मैदान रिकामं झालं. रेटो शंकू गोळा करत आला. एकही विसरला नव्हता. त्याने ते दत्तारामच्या हातात दिले.

"दत्ता, मुली का थांबल्या?" त्याने इंग्रजीत विचारलं. "मी अजून शेवटची फेरी दिली नाही."

दत्तारामने शंकू एकात एक बसवले. खाली गवतात ठिपके तसेच होते. उद्यासाठी.

चौथ्या फेरीपासून दत्ताराम बोटांवर मोजत होता. एकूण अकरा झाल्या.