देवमाशाच्या दातानंतर

देवमाशाचा दात दोन्ही हातांवर तोलून धरत नवऱ्याकडचा म्हातारा चटईवर गुडघे टेकून बोलत होता. रागाच्या भरात पोराचा हात उठला, चूक झाली, सून परत द्या. लोसेनाच्या भावानं, इलाइटियानं, तो दात घेतला की प्रकरण मिटणार होतं. मग त्याची मुलगी मेरेवाई आजच सुवाच्या बोटीनं नवऱ्याकडे जाणार, आणि यापुढे गावात कुणी हा विषय काढायचा नाही.

मेरेवाई दाराशी बायकांत बसली होती. ओठ अजून सुजलेला, शेजारी कपड्यांचं गाठोडं.

"जा मुकाट्यानं," चर्चच्या पाळकीणबाई कुजबुजल्या. "तुझ्या आत्यालाही असंच परत पाठवलं होतं. बघ, कसा सोन्यासारखा संसार केला तिनं."

लोसेनानं ते उजव्या कानानं ऐकलं. डाव्यानं तिला ऐकूच येत नसे. आपलाच दाखला देऊन पोरीला धाडतायत, या विचारानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खरंच का गं आत्या?" मेरेवाईनं विचारलं.

लोसेना उभी राहिली. वयात आल्यापासून ती सख्ख्या भावाशी थेट बोलली नव्हती. तशी रीतच होती. काही सांगायचं तर वहिनीमार्फत.

"इलाइटिया, हात मागे घे."

"यंगोना आम्ही प्यायलो आणि चढली हिला," म्हातारा म्हणाला. दोघंतिघं हसले.

"हसून घ्या. माझ्या वेळी बाबांनी असाच दात घेतला. मी परत गेले. महिनाभरात नवऱ्यानं माझं डोकं चुलीच्या दगडावर आपटलं. कान गेला. प्रवाळावर घसरले, असं मी सगळ्यांना सांगत आले, कारण प्रकरण तुम्ही मिटवलं होतं. मी घसरले नव्हते."

"अगं, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये," पाळकीणबाई म्हणाल्या.

"तो मेला म्हणून माझा कान परत आला नाही, बाई."

इलाइटियाची नजर चटईवर खिळली होती. "मला हे कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला. मध्ये कुणाला न घालता, थेट तिला.

"कुणामार्फत सांगणार होते?"

त्यानं पुढे केलेले हात मांडीवर घेतले. दात स्वीकारल्याची टाळी कुणी वाजवली नाही. म्हातारा तो दात तसाच पुढे धरून राहिला.

मेरेवाईनं गाठोडं पुढ्यात ओढलं आणि त्याची गाठ सोडली.