न जाणारं टोक

हैदराबादेत, बालानगरातल्या आमच्या वर्कशॉपच्या पाटीवर माझं नाव आहे, राणी इंजिनिअरिंग वर्क्स. पाटी वाचून लोकांना वाटतं, बाई मोठी कर्तबगार असणार. बाईनं कणकेचे हात पदराला पुसून दाखवतील तिथं सह्या केल्या होत्या, एवढंच तिचं कर्तृत्व.

आधी पाटीवर सासऱ्यांचं नाव होतं, हिम्मतरावांचं. मी त्यांना मामा म्हणते. सैन्याच्या जुन्या ट्रकांना लागणारे सुटे भाग आपल्या लेथवर व्हावेत, हा त्यांचा ध्यास. सरकारी वेबसाइटवर मागणी निघते, लहान कारखानदारांनी तिथं भाव भरायचा. मग उलटा लिलाव होतो, म्हणजे जो तो आपला भाव खाली आणत जातो आणि सगळ्यात खाली उतरेल त्याला काम मिळतं. मामा दरवेळी थोडक्यात हरायचे आणि त्या रात्री जेवायचे नाहीत. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की लहान उद्योग बाईच्या मालकीचा असेल तर त्याला झुकतं माप मिळतं. झालं, मी उद्योजिका झाले.

भागीदारी करावी, कंपनी काढावी, असं कुणाला सुचलंच नाही. घरच्या सुनेशी कसली भागीदारी? म्हणून फर्म एकट्या माझ्या मालकीची. नोंदणी माझी, यंत्रं बघून मिळालेली मान्यता माझी, पुरवठादारांच्या यादीतलं नाव माझं. मी बाजूला झाले की हे सगळं संपतं आणि दुसऱ्याच्या नावानं पुन्हा पहिल्यापासून चपला झिजवाव्या लागतात.

याचा अर्थ मला कळला तो नेमणूक आली तेव्हा. केंद्र सरकारच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका! कोठी भागातल्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणून, स्वयंपाक आणि टेंडरं सांभाळून मी ती परीक्षा दिली होती. पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हते. आणि रुजू होताना लिहून द्यायचं होतं की माझ्या नावावर कुठलाही धंदा नाही.

बरकतपुऱ्याच्या घरात त्या दिवशी भाताची शितं मोजल्यासारखे सगळे जेवत होते. माझा नवरा विक्रम म्हणाला, "बघू." तो नेहमी बघूच म्हणतो. आमच्या लग्नालासुद्धा आधी बघूच म्हणाला होता.

मामा मात्र सरळ बोलले. "बेटा, आता बुशची ऑर्डर हातात आहे. पहिला नमुना परत आला, आता आखरी मौका. ह्यात पास झालो तर पुढची सालंसाल काम आहे, मग तू मला सोडून जाऊ नक्को. नापास झालो तर समज किस्मत नव्हती. फर्म बंद करू, तू खुशाल शाळेत जा. मी स्वतः सोडायला येतो."

"शब्द देता, मामा?"

"हौ. दिला."

मामा शब्दाचे पक्के आहेत, ते मला माहीत होतं. म्हणून तर मी मनातल्या मनात रोज म्हणत होते, नापास होऊ दे. आपल्याच कारखान्याचं वाईट चिंतणारी मालकीण हैदराबादेत दुसरी नसेल.

बुश म्हणजे गनमेटलचं जाड कडं. त्याच्या भोकाचं माप पाहायला गेज असतो, दोन टोकांचा पोलादी दांडा. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं किंचित जाड टोक जाता कामा नये. तेही आत गेलं तर भोक मोठं झालं, माल रद्द. वर्कशॉपमधून निघण्याआधी प्रत्येक बुश मी स्वतः तपासला. जाणारं टोक गेलं, न जाणारं अडलं. एकही चुकलेला सापडला नाही. मला रडू आलं, आणि विक्रमला वाटलं आनंदाचं.

तपासणी शुक्रवारी होती. मे महिना, आकाशातून नुसती आग. सैन्याच्या डेपोच्या फाटकाशी आम्ही वेळेवर पोचलो आणि मामांनी घड्याळ पाहिलं. "राहुकाळ लागलाय. बारा वाजेपर्यंत खोका हलवायचा नाही."

हा राहुकाळ आमच्याकडे तेलुगू शेजाऱ्यांकडून आला आणि घरच्यासारखा राहिला. मामा त्या वेळात दूधसुद्धा उतू जाऊ देतात, पण गॅस बंद करत नाहीत. मी म्हटलं, साहेब वाट बघत असतील. मामा म्हणाले, सरकारी साहेब कुणाची वाट बघत नसतात. मग आम्ही तिघं कडुनिंबाखाली बसलो आणि खोका गाडीच्या डिकीत, भर उन्हात.

बारा वाजून गेल्यावर मामांनी देवाचं नाव घेऊन डिकी उघडली. पास मालकाच्या नावाचा होता, त्यामुळे आत मी एकटीच. मोबाइल फाटकावर ठेवून घेतला. जवानानं खोका ढकलगाडीवर घातला आणि आम्ही तपासणीच्या खोलीत गेलो. तिथं एसी एवढा गार होता की घामेजलेली पाठ शहारली.

अधिकारी तरुण होता, चष्मेवाला, जरा वैतागलेला. "उशीर केलात मॅडम," तो हिंदीत म्हणाला, आणि लगेच एक बुश उचलून त्यात गेज घातला. जाणारं टोक गेलं. त्यानं दांडा फिरवला. न जाणारं टोकही सुळकन आत गेलं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्यानं दुसरा बुश घेतला, तिसरा घेतला. गेज सगळ्यांत आरपार.

"बोअर बड़ा है," तो म्हणाला. "पूरा लॉट रिजेक्ट होगा. प्रोप्रायटर आप ही हैं ना? कुछ कहना है?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि सहज एक बुश हातात घेतला. तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा तो चटका देत होता. गेज खोलीत ठेवलेला, थंडगार. मला तिथल्या तिथं कळलं. भोक मोठं नव्हतं, उन्हानं झालं होतं.

गप्प बसायचं होतं. एवढंच तर करायचं होतं! कुणी विचारणार नव्हतं, कुणाला कधी कळणार नव्हतं. मामा फाटकाबाहेर, विक्रम फाटकाबाहेर. मी मान हलवून बाहेर पडले असते आणि सोमवारी शाळेत हजर झाले असते. मला तो वर्ग दिसत होता, फळा दिसत होता.

अधिकाऱ्यानं पेन काढलं आणि लिहायला लागला. खराब काम, असं काहीसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काम खराब नव्हतं! एकेक कडं मी हातानं तपासलं होतं. चांगल्याला वाईट म्हटलेलं मला कधीच सोसलं नाही, स्वयंपाकघरात नाही आणि परीक्षेतही नाही.

"सर, एक मिनट," मी म्हटलं. "ये गरम हैं. हात लगाके देखिए."

त्यानं हात लावला आणि मागे घेतला.

मग मी बोलतच सुटले. धातू तापला की प्रसरण पावतो, सर. कडं तापलं की कडं सगळीकडून फुगतं, भोकसुद्धा मोठं होतं, लहान होत नाही. मुलं इथंच चुकतात. हा बुश इथं ठेवा, खोलीइतका गार होऊ द्या आणि मग गेज घाला. मी टेबलावरचा कागद ओढून त्यावर गोल काढला, बाण काढले. त्याच्या हातातलं पेनसुद्धा मीच घेतलं होतं, ते नंतर माझ्या लक्षात आलं.

तो वैतागला नाही. हसला आणि म्हणाला, ठीक आहे, थांबू. बुश टेबलावर मांडले. आम्ही चहा घेतला. मी त्या बुशांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, नका रे गार होऊ. ते गार झाले. त्यांना काय माझं पडलंय?

त्यानं पुन्हा गेज घातला. जाणारं टोक गेलं. न जाणारं टोक तोंडाशीच अडलं. एकेक करत त्यानं सगळे पाहिले. सगळे अडले.

"सही समझाया आपने," शिक्का मारताना तो म्हणाला. "टीचर हैं क्या?"

"नहीं जी," मी म्हटलं. "प्रोप्रायटर."

फाटकाबाहेर दोघं उभेच होते. माझ्या हातातला शिक्क्याचा कागद बघून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. विक्रमनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो बघू म्हणाला नाही.

मामांनी डोळे पुसले. "बघितलंस बेटा? मी म्हणालो नव्हतो? राहुकाळ टळू दिला, म्हणून निभावलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. सगळं सांगून टाकावं, असं जिभेवर आलं.

"हौ मामा," मी म्हटलं आणि गाडीत बसले. सीट चटका देत होती.