हद्दीचा दगड हलला

सकाळचे सव्वासात. साल १९७४, दिवाळी नुकतीच झालेली. माणकडून पलूसकडे जाणारी डांबरी सडक, मोरीशेजारची बाभळ आणि बाभळीखाली मी.

मी हद्दीचा दगड बोलतोय. साताऱ्याकडून येणाऱ्याला माझ्यावर 'सांगली जिल्हा' दिसतं, सांगलीकडून येणाऱ्याला 'सातारा जिल्हा'. खाणीतून काढून मला इथं रोवलं तेव्हा सडक मातीची होती. पुढं डांबर आलं, एसट्या आल्या, उसाचे ट्रक आले. माणसं माझ्यावर बसून विडी ओढतात, पिंक टाकतात, निवडणुकीत हवं ते चिन्ह रंगवतात. वाचत मात्र कुणी नाही.

थांबतात ते फक्त माणचे मेंढके. कृष्णाकाठच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला निघाले, की परजिल्ह्यात पाय टाकण्याआधी ते मला भंडारा लावतात. मी देव नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. परक्या मुलखात जाताना कुणाला तरी सांगून जावं, एवढंच.

त्या सकाळी धुळा मेंढका भंडारा लावत होता. बायको हरणाबाई आणि भाऊ जोतीराम मेंढरं घेऊन मागं, साताऱ्याच्या बाजूला. मागून पांढरी जीप आली. हॉर्न नाही, ब्रेक नाही. धुळाला धडक बसली आणि त्याची बोटं माझ्या अंगावरून घसरत खाली आली. जीप जराशी थबकली. दारावरची अक्षरं खरवडून काढलेली होती. आतून कुणीतरी मान वळवून पाहिलं आणि जीप सांगलीकडे निघून गेली.

अलीकडच्या, साताऱ्याच्या ठाण्याचा हवालदार जागा पाहून गेला. "उद्या गुन्हा लिहून घेतो," म्हणाला.

दुसरा दिवस उजाडायच्या आत कुणीतरी मला गोणपाटात गुंडाळलं आणि उपटलं. तोंडं दिसली नाहीत, आवाज आले. "जपून रं गड्या, टवका उडंल. सायेब बोलत्यात." बेवारशी दगडाचा टवका उडाला, तर कुठला साहेब बोलतो? मला साताऱ्याच्या बाजूला बरंच मागं नेऊन रोवलं, आणि घाईत उलटं रोवलं.

सकाळी हरणाबाई आणि जोतीराम हवालदाराला घेऊन आले.

"आवं सायेब, दगुड काल बाभळीखाली हुता," हरणाबाई म्हणाली.

"आज कुठं हाय?"

"हितं."

"मग बाभळ गेली सांगलीत. तिकडच्या ठाण्यात जावा."

जोतीराम माझ्याभोवती फिरला. "सायेब, ह्यो उलटा बसिवलाय. सांगलीला निघालेल्याला सातारा दावतोय. आमी काय माघारी फिरायचं व्हय?"

"उलटा असंल. पर हद्दीचा हाय न्हवं?"

पलीकडच्या, सांगलीच्या ठाण्यानं नकाशा उघडला. नकाशात हद्द मोरीवर. "जागा साताऱ्यातली. दगड हलला असेल, तर हलवणाऱ्याला विचारा." दोघं पुन्हा अलीकडं आले. इथं नकाशा चालेना, तिथं दगड चालेना.

परतताना हरणाबाई माझ्यापाशी बसली. रडली नाही. "माझा माणूस कुठं तरी मेला असंल न्हवं?" एवढंच म्हणाली. दिवस चढल्यावर ती भंडारा न लावता मेंढरांमागं निघून गेली.

आता उन्हाळा लागलाय. मी उलटाच उभा आहे. जीप कुणाची, हे विचारायला आधी गुन्हा कुठंतरी लिहावा लागतो. तो कुठंच लिहिलेला नाही. दोन जिल्ह्यांचे साहेब या सडकेनं जातात, गाडीच्या काचेतून मला पाहतात आणि पुढं जातात. वाचणारा, लिहिणारा, सही करणारा माणूस उलटा दगड पाहूनही गप्प बसतो, तेव्हा त्याला दिसत नाही असं मी मानत नाही.

बाभळीखालचा माझा खड्डा मुरूम भरून, दुरमुसानं ठोकून सपाट केलेला आहे. खडी ठोकायचा तसला दुरमुस या टापूत एकच. तो सडकेच्या सरकारी चौकीत कुलपात असतो. कुलूप मोडलेलं नाही.