तीन वेळा पुकारले

मित्रांनो, माझ्याशी ओळख करून घ्यायची तर मान वर करावी लागेल. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात, बसायच्या दालनात, घड्याळाच्या वर जो करड्या पत्र्याचा भोंगा टांगलेला आहे, तो मी. वय झाले आहे, कडेला पोचा आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. या आवाजाचा मला फार गर्व होता. आता तो नाही. तो कसा उतरला, तेच सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा वळवून मला तोंड दिले, रंग दिला, आणि शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी तार जोडून "एक, दोन, तीन" म्हटले. पार दुसऱ्या टोकाला डबा खात बसलेला माणूस असा दचकला की त्याच्या हातातला घास खाली पडला. बाई हसल्या आणि मी पास झालो.

तिथून माझी रवानगी लष्कराच्या मैदानावर झाली. पहाटे मी तोंड उघडले की तीनशे जवान अंथरुणातून उठत. उठता उठता मला शिव्या घालत. "याच्या घशात कोणीतरी चिंध्या कोंबा रे!" असे एक जण रोज म्हणायचा. तो तोफखान्यातला एक लांब टांगांचा जवान होता. पण नाव पुकारले की सगळ्यांच्या आधी तोच धावत यायचा. एकदा त्याने फुटबॉल इतक्या जोरात मारला की तो येऊन माझ्यावरच आदळला. माझा पोचा तेव्हाचा. शिक्षा म्हणून त्याला मैदानाला दहा फेऱ्या माराव्या लागल्या, आणि त्या त्याने हसत हसत मारल्या.

मैदानापलीकडे तोफांचा सराव चाले. जवान कानात कापसाचे बोळे घालून उभे राहत. दिवसभर धडधड चाले, आणि संध्याकाळी सगळे एकमेकांशी ओरडून बोलत. मला ते मजेचे वाटायचे. माझ्याइतका मोठा आवाज त्यांनाही काढता येतो, असे वाटायचे.

पुढे नवी यंत्रे आली आणि मला गोदामात टाकले. अकरा वर्षे मी तोंड खाली करून पडलो होतो. नंतर एक दिवस कोणीतरी मला पुसले आणि या दवाखान्यात आणून टांगले.

इथे पूर्वी नंबर पुकारायला एक मामा होते. दवाखान्याचे जुने शिपाई. ते हातात कागद घेऊन बाकांमधून फिरत आणि ज्याचा नंबर असेल त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "चला, उठा, डॉक्टर वाट बघतायत." मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणाला घेतले नाही, मला घेतले. सुधारणा झाली म्हणून साहेबांनी मला हारही घातला होता. मित्रांनो, मी तेव्हा फुगलो होतो, हे कबूल करतो.

नियम सोपा होता. काचेच्या खिडकीमागे बसलेल्या बाई माझ्यातून नंबर तीन वेळा पुकारणार. कोणी उठले नाही तर फाईल परत जाणार आणि पुढची तारीख मिळणार. गुरुवारी कानाचे डॉक्टर येत. म्हणजे गुरुवारी बाकांवर जी माणसे बसत, ती ऐकू येत नाही म्हणूनच आलेली असत. आणि त्यांना बोलवायला मी होतो! हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आले नाही.

अशाच एका गुरुवारी तो लांब टांगांचा जवान माझ्यासमोर येऊन बसला. केस पांढरे, पाठीला बाक. शेजारी बायको. दवाखान्यात सगळे त्यांना काका-काकू म्हणत. त्याने वर बघितले, पोचा बघितला आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अगं, हा आमच्या मैदानावरचा भोंगा! हा पोचा माझा आहे."

"हळू बोला," काकू म्हणाल्या.

"काय?"

काकूंनी नुसता हात खाली-वर करून दाखवला. त्या सगळे हातानेच सांगत. मी नंबर पुकारला की काकू त्यांच्या गुडघ्यावर दोनदा थोपटत आणि काका उठत. असे ते दीड वर्ष येत राहिले. कान तोफेमुळे गेले की वयामुळे, हे ठरवायलाच एक वर्ष गेले. एका कागदावर सही नव्हती, दुसऱ्यावर होती तर शिक्का नव्हता. काका कुरकुरत नसत. "रांगेत उभं राहायची सवय आहे आम्हाला," म्हणत. शेवटी कानाचे यंत्र मंजूर झाले.

यंत्र आल्याचे पत्र त्यांना गेले, तेव्हा काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या पडल्या होत्या, मांडीचे हाड मोडले होते. काका एकटेच आले. मनगटाला पांढरी दोरी बांधलेली होती. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी सगळे सांगितले, आणि ऐकू न येणारी माणसे मोठ्याने बोलतात, म्हणून मलाही कळले.

"ती आतल्या खोलीत, मी बाहेर. हाक मारते ती मला कुठली ऐकू यायला! परवा पाण्यासाठी तासभर ओरडत होती बिचारी. मग ही युक्ती काढली. दोरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ओढली की जातो. पण स्वयंपाकघरापर्यंतच पुरते हो. अंगणात गेलो की सोडावी लागते. आता शेजारीण बसलीय तिच्यापाशी, पण बाराला जाईल ती. आज यंत्र मिळालं की सुटलो."

म्हातारा जोरजोराने मान हलवत होता.

"माझा त्रेपन्न नंबर आहे. पुकारला की मला सांगाल ना?"

म्हाताऱ्याने पुन्हा मान हलवली, आणि आपली चिठ्ठी काकांना दाखवली. काकांनीही मान हलवली. म्हातारा चोपन्न नंबरचा होता. तोही तोफखान्यातलाच.

मी म्हणालो, "त्रेपन्न." दोघे एकमेकांकडे बघून हसले. मी म्हणालो, "त्रेपन्न." काका माझ्याकडे एकटक बघत होते. ते समोरच्याचे ओठ बघून थोडेफार समजून घेत. मला तोंड आहे, ओठ नाहीत. खिडकीकडे बघावे तर काचेवर 'शांतता राखा' अशी पाटी चिकटवलेली, नेमकी बाईंच्या तोंडासमोर. मी तिसऱ्यांदा म्हणालो. मैदानावरही कधी काढला नव्हता असा आवाज मी काढला. मग चोपन्न पुकारले, तेही तीन वेळा. दोघे शेवटपर्यंत एकमेकांच्या भरवशावर बसून होते.

दालन रिकामे होत आले तेव्हा काका खिडकीशी गेले. बाईंनी तीन बोटे दाखवली. "तीन वेळा पुकारलं, काका! ऐकू आलं नाही त्याला आम्ही काय करणार?"

"ऐकू येत नाही म्हणूनच तर आलोय, ताई."

मागून कोणीतरी हसले. काकाही हसले. मग त्यांनी हातातली दोरी दाखवली, घड्याळाकडे बोट केले. बारा वाजून गेले होते. डॉक्टर निघून गेले होते. यंत्राचा डबा बाईंच्या मागच्या कपाटात होता, खिडकीपासून दहा पावलांवर. पण डॉक्टरांनी बसवल्याशिवाय तो द्यायचा नव्हता. बाई वाईट नव्हत्या, त्यांना नियम होता. पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली. काका घाईघाईने, जवळजवळ धावतच बाहेर पडले.

सात आठवड्यांनी ते आले. मी नंबर पुकारायच्या आधीच बाई उठल्या, दार उघडून बाहेर आल्या आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंना दोरी आठवत असावी. अर्ध्या तासाने काका खोलीतून बाहेर आले. कानामागे बोटभर यंत्र होते. मी पुढचा नंबर म्हणालो आणि ते दचकले. वर बघून म्हणाले, "अजून तसाच ओरडतोस की रे!" कितीतरी वर्षांनी त्यांनी माझा आवाज ऐकला होता. मला आनंद झाला, मित्रांनो. तो क्षणभरच टिकला.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "आता काकूंची हाक ऐकू येईल."

काकांना ऐकू आले. त्यांना ते दुसऱ्यांदा विचारावे लागले नाही. ते मनगट चोळत राहिले. मनगटाला आज दोरी नव्हती.

"ती गेली, ताई. महिना झाला. मी अंगणात कपडे वाळत घालत होतो. दोरी तिच्या हातात होती, माझं टोक दाराच्या कडीला बांधलं होतं. आत आलो तर कडी उखडून खाली लोंबत होती." मग ते म्हणाले, "किती वेळा ओढली असेल, काय माहीत."

काकांनी यंत्र काढून डब्यात ठेवले, डबा खिशात घातला, आणि सावकाश निघून गेले. मी त्यांच्या मागून पुढचा नंबर पुकारला. त्यांनी वळून बघितले नाही.

नोंदवहीत त्या हुकलेल्या तारखेपुढे लिहिलेले आहे, 'तीन वेळा पुकारले, गैरहजर.' शब्द बाईंचे असतील, पण पुकारणारा आवाज माझा होता. आणि गैरहजर ते नव्हते. माझ्यासमोर, पहिल्या बाकावर बसले होते.

त्या बाई पुढे बरेच गुरुवार उठून बाहेर येत राहिल्या. मग त्यांची बदली झाली. नव्या आलेल्या बाई माझ्यातूनच पुकारतात, नियमाप्रमाणे तीन वेळा.

हल्ली माझी एक तार सैल झाली आहे. मधेच आवाज जातो. उद्या परवा कोणीतरी शिडी घेऊन येईल. माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी म्हणते, माझी काळजी घ्या, मला टाकून देऊ नका. मित्रांनो, माझे मागणे उलटे आहे. तो माणूस शिडी घेऊन आला तर त्याला परत पाठवा. मला दुरुस्त करू नका. मी मुका झालो, तर कोणालातरी खुर्चीतून उठावे लागेल, बाकांपर्यंत चालत यावे लागेल आणि खांद्यावर हात ठेवावा लागेल.