तान्ह्या बाळांचे कपडे

कस्टम्सच्या गोदामात परदेशातून आलेले कपडे तपासून त्यांचा वर्ग ठरवायचं काम तिच्याकडे होतं. कापड मागावरचं की सुयांवरचं, बटणं बाईच्या बाजूला की पुरुषाच्या, सगळं बघायचं. वर्ग बदलला की ड्यूटी, म्हणजे आयातकर, बदलते, म्हणून माल सोडवायला येणारा प्रत्येक एजंट तिच्याशी गोड बोलायचा. एक सोडून. तो तिचा घटस्फोटित नवरा होता.

त्या दिवशी त्याच्या मालाची फाईल टेबलावर आली, तेव्हा साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "यात ओळखीपाळखीचं कुणी नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. फाईल दुसऱ्याकडे द्यायला हवी होती हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण हा माणूस आयता हातात सापडला होता, आणि तिला तो सोडवेना.

कागदावर लिहिलं होतं, तान्ह्या बाळांचे विणलेले कपडे. त्यावर ड्यूटी जवळजवळ नव्हतीच. नियम साधा होता: शहाऐंशी सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या मुलाला बसेल तेच बाळाचं. तिने पहिलं खोकं फोडायला लावलं. वरच्या थरात मुठीएवढी झबली, खाली हात घातला तर शाळेत जाणाऱ्या पोराचे स्वेटर.

"हे बाळाचं?" तिने एक स्वेटर टेबलावर पसरून टेप लावली.

तो खांबाला टेकून उभा होता. "गुटगुटीत बाळ असेल, मॅडम."

"थट्टा पुरे. माप बोलतंय."

"माप!" तो हसला, आणि हमालांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "बाळाच्या मापातलं तुला काय कळणार गं? घरात पाळणा हलला असता तर कळलं असतं."

खोकी उचलणारे हात थबकले. ज्या गोष्टीवरून सासरी तिला घालूनपाडून बोलत, जिच्यापायी संसार मोडला, ती त्याने भर गोदामात उघडी टाकली होती. तिच्या कानशिलांत रक्त उसळलं. तिने टेप गुंडाळली, बाकीची खोकी बंदच ठेवली आणि तिथल्या तिथे शेरा मारला: संपूर्ण माल मोठ्या मुलांचा, माहिती खोटी, पूर्ण ड्यूटी.

त्याने वाद घातला नाही. कागद घेतला आणि निघून गेला. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

अपिलाच्या सुनावणीत तो इस्त्रीचा शर्ट घालून, आवाज खाली ठेवून बोलला. "मॅडमनी एकच खोकं उघडलं, साहेब. आणि सांगायला संकोच वाटतो, पण त्या माझ्या पूर्वीच्या पत्नी."

अपील ऐकणाऱ्या वरिष्ठांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "खरं आहे?"

"खरं आहे. पण माल खोटाच आहे! त्या खोक्यात..."

"तुम्ही आता काही बोलूच नका, बाई."

तिचा आदेश रद्द झाला. फेरतपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला नवरा-बायकोच्या भांडणात नाक खुपसायचं नव्हतं. त्याने पुढची दोन खोकी उघडली, वरवरची झबली पाहिली आणि सगळा माल सोडून दिला.

जिन्यात तो तिची वाट बघत थांबला होता.

"तुझा राग अजून तस्साच आहे," तो म्हणाला. "आणि माझ्यासाठी तेवढाच भरवशाचा. त्या टेबलावर दुसरं कुणी असतं ना, तर हा माल मी आणलाच नसता."

"म्हणजे ते तू मुद्दाम बोललास?"

"बोललो त्यात खोटं काय होतं?"

त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. त्यालाही तेच हवं असणार हे लक्षात आलं, तशी ती त्याच्या बाजूने जिना चढून वर गेली.

तिच्या साहेबांनी तिला बसायलाही सांगितलं नाही. "तुमच्यामुळे आम्ही तोंडावर आपटलो."

"हो. मी खोटं बोलले, त्याची शिक्षा द्या," ती म्हणाली. "पण यापुढे त्या माणसाचं प्रत्येक खोकं तळापर्यंत उघडायचा हुकूम काढा. मी नको, दुसऱ्याने उघडायचं."

"म्हणजे सूड घेणार?"

"हो," ती म्हणाली. "पण या वेळी आधी सांगून."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आधी तिच्या बदलीचा कागद लिहिला, आणि त्यानंतर तो हुकूम.