गुंडोचं पाळण्यातलं नाव

गुंडोरावांनी बूट काढायच्या आधीच भव्यानं मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

"अप्पा, छापखानेवाला सहापर्यंतच थांबणार. तेवढं नाव आणा आज्जीकडनं."

पडद्यावर तिच्या लग्नाची पत्रिका होती. वधूपित्याच्या जागी नुसती टिंबं. शोळिंगनल्लूरच्या कचेरीतून बसमध्ये उभ्यानं आलेले गुंडोराव खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"गुंडो काय वाईट आहे?"

"सासूबाईंनी अर्थ विचारला तर? माझे अप्पा म्हणजे धोंडा, असं सांगू?" ती हसली, मग आवाज उतरवून म्हणाली, "तुम्हालाच पाहायचं होतं ना, एकदा तरी छापलेलं?"

पाहायचं होतं खरं. हृदयात स्टेंट बसवून घरी आल्यापासून फारच.

त्यांच्या आधीचे दोघे भाऊ वर्षाचेही झाले नव्हते. तिसरा तरी राहावा म्हणून तंजावरच्या घरानं जुन्या रीतीप्रमाणे त्याला गुंडो म्हटलं. वाटेवरचा धोंडा कोण उचलून नेतंय? खरं नाव आत्यानं बारशात कानात सांगितलं होतं. ते मुंजीत उघड करायचं. मुंजीत आई म्हणाली, पुढल्या वर्षी. ते पुढलं वर्ष काही उजाडलं नाही. शाळेत गुंडो, कचेरीत गुंडो. आत्या गेली, वडील गेले. आता ते नाव ठाऊक असलेली एकटी आई, विशालाक्षी, खिडकीशी शेंगा निवडत बसलेली.

ते तिच्याशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसले.

"आई, सांग की आता. सत्तावन्न वर्षांचा झालो."

"मला सांगतोस?"

"या वयात कुणाची दृष्ट लागणार मला? टक्कल पडलंय."

आईनं शेंगेची शीर ओढून काढली. "गोळी घेतलीस?"

"घेतली. नाव सांग."

"इस्पितळात तुला आत नेलं ना, तेव्हा भव्या म्हणाली, आज्जी, देवाचं नाव घे. मी तुझंच घेत बसले. गुंडो, गुंडो." तिचा हात शेंगांवर थांबला. "ऐकलं त्यानं. परत पाठवलं. आता उगाच कशाला त्याला दुसरं काही ऐकवायचं?"

गुंडोरावांनी एक शेंग उचलून तिच्यापुढे ठेवली.

"आणि तू गेल्यावर? मला कोण सांगेल?"

"कुणी नाही," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा निवांतपणा आला. "तेच तर बरं आहे."

दारात भव्या उभी होती. गुंडोरावांनी हात पुढे केला, मोबाइल घेतला आणि एका बोटानं टिंबांच्या जागी दोन अक्षरं टाइप केली. भव्यानं वाचलं. काही बोलणार होती, पण तिची नजर आज्जीकडे गेली.

"निदान 'राव' तरी लावते," एवढंच पुटपुटली आणि पत्रिका पाठवून दिली.

दिवसभराचा शीण अंगात उतरला होता. गुंडोरावांनी मान मागे टेकली, डोळे मिटले. घरात शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग तोही थांबला.

नाकाखाली काहीतरी आलं. शेंगांच्या हिरव्या वासाचा, सुरकुतलेला तळहात.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. श्वास फक्त जरा मोठ्यानं सोडला.